हेर खंडोबांची घोडी

पत्र कौमुदीच्या नावाचं नव्हतं, तरी ते बरोबर तिच्याच पेटीत पडलं. पाकिटावर स्वच्छ छापलं होतं : हेर मल्हारी खंडोबा, द्वारा पिंगळे. खाली जर्मनीतल्या बॉबलिंगेनमधला त्यांच्याच घराचा पत्ता, पिनकोडासकट. ह्या देशात पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र आल्या पावली परत नेतो, मग ते सख्ख्या भावाचं का असेना. पण 'पिंगळे' पेटीवर ठळक होतं, आणि पिंगळ्यांच्या घरी कोण कोण राहतं ह्याच्याशी पोस्टमनला काय देणंघेणं?

कौमुदीने पाकीट जिन्यातच फोडलं, चार ओळी वाचल्या आणि तिथल्याच पायरीवर बसून त्या पुन्हा वाचल्या.

'माननीय हेर खंडोबा,' पत्रात म्हटलं होतं, 'डोर्नहाल्डच्या सरकारी माळावरील आपल्या मालकीची घोडी, क्रमांक सत्तावीस, वय बावीस वर्षे, डावा डोळा निकामी, कळपाच्या मागे पडत असल्याने हिवाळ्यापूर्वी कळपातून काढण्याच्या यादीत आहे. मालक म्हणून आपली हरकत असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावी, अथवा अठ्ठावीस ऑक्टोबरच्या पाहणीस समक्ष हजर राहावे. उत्तर न आल्यास कार्यालय नियमाप्रमाणे निर्णय घेईल.' खाली सही होती, फ्राऊ ल्यूडर्स ह्या बाईंची.

आता कौमुदीची गोष्ट अशी, की ती सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचा तिला पगार मिळतो. तिचा नवरा श्रीधर म्हणतो की हेच काम ती घरीही करते, तेही बिनपगारी. गेलं वर्षभर तिची कंपनी एक सरकारी प्रणाली बनवत होती, माळावरच्या रानटी घोड्यांच्या नोंदीची. डोर्नहाल्डवर पूर्वी लष्कराचे रणगाडे फिरायचे. लष्कर गेलं, तशी झुडपं माजायला लागली. झुडपांमागून जंगल येणार, आणि उघड्या माळावरची फुलं नि पक्षी नाहीसे होणार, म्हणून सरकारने तिथे घोडे सोडले. उंदरासारख्या करड्या रंगाचे, पाठीवर काळी रेघ असलेले, ठेंगणेठुसके. त्यांना कोणी चारा घालत नाही, कोणी खरारा करत नाही. बर्फ पडो की ऊन, ते आपले चरत असतात.

पण रानटी झाले म्हणून काय झालं? जर्मनीत रानटी असायलाही कागद लागतात! प्रत्येक घोड्याच्या मानेत चिप, प्रत्येकाला पासपोर्ट आणि प्रत्येकाला मालक. त्या पासपोर्टात एक चौकट असते : हे जनावर कधी कत्तलीला पाठवता येईल का? तिथे एकदा 'नाही'ची खूण पक्की झाली की ती जन्मात पुसता येत नाही. खूण नसेल तर त्याचा अर्थ 'हो'. डोर्नहाल्डचे अडतीस घोडे सरकारच्या मालकीचे, आणि अडतीसच्या अडतीस चौकटी कोऱ्या.

म्हणजे अडतीस होत्या. कौमुदी आली नि सदतीस राहिल्या.

इथले टेस्टर खोटी नोंद करायची झाली की 'मुस्टरमान' हे नाव घालतात. मुस्टरमान म्हणजे नमुना माणूस. शेवटी सगळे मुस्टरमान शोधून एका झटक्यात पुसायचे की प्रणाली स्वच्छ. चांगली रीत आहे. पण कौमुदी पुण्यात ज्यांच्या हाताखाली शिकली, त्या विभावरी मॅडम कोणत्याही नव्या प्रणालीतली पहिली नोंद देवाच्या नावाने करायच्या. कोऱ्या वहीवर आधी 'श्री' लिहावं, तसं. ती सवय कौमुदीच्या बोटांत इतकी भिनली होती की कोणी विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं. त्यातून इथे मामला घोड्यांचा, आणि कुलदैवत साक्षात घोड्यावर बसणारं. तिने समोर आलेली सत्तावीस नंबरची घोडी घेतली, मालक म्हणून खंडोबा टाकला, पत्ता खरा लागत होता म्हणून स्वतःचा दिला, आणि चौकटीत 'नाही'ची खूण केली, मालकाच्या सहीवाचून कच्ची. देवाच्या जनावरापुढे दुसरी खूण कोण करेल?

प्रणाली सुरू करायच्या आदल्या दिवशी सगळे मुस्टरमान पुसले गेले. खंडोबा राहिले.

दुपारी जेवणाच्या टेबलावर पत्राचं वाचन झालं. टेबलाशी श्रीधर, नऊ वर्षांची अन्वी आणि तीन महिन्यांसाठी आलेले सासरे, पंढरीनाथ पिंगळे, म्हणजे नाना. नानांनी पाकीट हातात घेऊन निरखलं.

"हेर? अगं, देवाला हेर केलं की काय ह्यांनी?"

"नाना, हेर म्हणजे श्रीयुत," कौमुदी म्हणाली. तिला हसू येत नव्हतं.

"मग श्रीयुत खंडोबांना घोडी मिळाली म्हणायची. वा! माझ्या उभ्या जन्मात मी देवाला नारळाच्या वर काही वाहिलं नाही, आणि सूनबाईने घोडी वाहिली!"

"नाना, ती घोडी मारणार आहेत. काढणं म्हणजे मारणं. एका डोळ्याची म्हातारी घोडी कोण नेणार?"

नानांच्या हातातला घास हातातच राहिला. अन्वीने मान वर केली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर मात्र जर्मनमध्ये. "वारुम?" तिने विचारलं. का म्हणून?

श्रीधर व्यवहारी माणूस. त्याने पाणी प्यायलं आणि सांगितलं, "आल्झो, तर हे बघ. तुला सिस्टिमचा अॅक्सेस आहे ना? सोमवारी जा, नोंद दुरुस्त कर, मालक सरकार. एक क्लिक. कोणाला पत्ताही लागणार नाही. सरकारी डेटामध्ये तू देव घुसवलास हे कळलं तर नोकरीचं काय होईल?"

"आणि घोडीचं?"

"ती यादीत होतीच. तू घातलंस का तिला यादीत?"

"मी घातलं नाही. पण मी खूण पुसली की ती जाणार, हे आता मला माहीत आहे ना."

"मग पुसू नकोस!" नाना म्हणाले. "देवाच्या नावाने सोडलेल्या जनावराला गावात कोणी हात लावत नाही. तू आपली हरकत लिही. देवाच्या वतीने सही मी करतो. पुजारी नाही का देवाच्या वतीने प्रसाद देत?"

"नाना, त्याला इथे फोर्जरी म्हणतात," श्रीधर म्हणाला.

"तिकडेही तेच म्हणतात," नाना म्हणाले, "पण घोडी वाचते."

कौमुदीने दोन्ही करून पाहिलं. रविवारी सकाळी तिने खंडोबांच्या वतीने हरकतीचं फर्मास पत्र लिहिलं, व्याकरणात नाव ठेवायला जागा नाही असं. नाना पेन सरसावून बसलेच होते. पण सहीची रेघ पाहिल्यावर तिने नानांच्या हातातून पेन काढून घेतलं. खोटी नोंद पकडायची हा जिचा धंदा, तिनेच खोटी सही करवून घ्यायची? तिने कागद फाडला. नाना दिवसभर तिच्याशी तुटक बोलले.

सोमवारी ऑफिसात तिने नोंद उघडली. शेजारी सत्तावीसचा फोटो होता. करडा रंग, कपाळावर विस्कटलेली आयाळ, डावा डोळा दुधाळ, आणि उजव्या डोळ्याने ती थेट कॅमेऱ्याकडे पाहत होती. वर्षभरात हा फोटो कौमुदीने शंभरदा पाहिला असेल, पण बटणं तपासण्याच्या नादात घोडी अशी पाहिलीच नव्हती. 'बदला' ह्या शब्दावर बाण नेऊन ती बसून राहिली. बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, सगळं ठीक ना? "हो, हो," ती म्हणाली आणि पडद्यावरची खिडकी बंद केली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि का वाटली हेही तिला नीट कळत होतं. एक मुकं जनावर तिच्या चुकीच्या आडोशाला उभं होतं, आणि आडोसा खोटा होता.

मग उरला तिसरा रस्ता, जो टेबलावर कोणी काढलाच नव्हता. खरं सांगायचं.

अठ्ठावीस तारखेला शाळेला शरद ऋतूची सुट्टी होती. कौमुदीने रजा टाकली आणि निघण्यापूर्वी साहेबांना झालेल्या चुकीबद्दल अहवाल पाठवला. चूक कोणाची, माझी. कशी झाली, अशी. लपवलेलं काही नाही. मग गाडी काढली. शेजारी नाना, मागे अन्वी. नानांचा राग एव्हाना उतरला होता. डोंगर चढता चढता फोन वाजला, साहेबांचं उत्तर. अन्वीने मोठ्याने वाचून दाखवलं. अहवाल उत्तम आहे, साफसफाईची पद्धत आम्हीही बदलायला हवी होती. पुढच्या वेळी कृपया मुस्टरमान. कौमुदीने सुस्कारा सोडला. नोकरीवरचं गंडांतर टळलं, पण छातीवरचा धोंडा तिथेच होता. तो नोकरीचा नव्हताच.

माळ चांगलाच मोठा निघाला. पिवळं पडलेलं गवत, अधूनमधून काटेरी झुडपं, रणगाड्यांच्या जुन्या चाकोऱ्यांत साठलेलं पाणी. फाटकाशी फ्राऊ ल्यूडर्स उभ्या होत्या. साठीकडे झुकलेल्या, गमबूट घातलेल्या, काखेत टॅब्लेट. त्यांनी आधी नानांकडे पाहिलं, पुढे झाल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

"हेर खंडोबा! तुम्ही आलात, फार बरं झालं. मी चौदा दिवस तुमची वाट पाहतेय."

नानांना जर्मन कळत नव्हतं, पण नाव कळलं. त्यांनी दोन्ही हात कानांना लावले. "शिव शिव! अगं कौमुदी, सांग ह्यांना, मी नव्हे."

कौमुदीने सांगितलं. फाटकाशी उभ्याउभ्या, जर्मनमध्ये, पहिल्या नोंदीपासून चौकटीपर्यंत सगळं. खंडोबा कोण, हेही सांगितलं. त्यांचं देऊळ पुण्याजवळ आहे, ते स्वतः घोड्यावर बसतात, आणि त्यांची सही मिळणं शक्य नाही. शेवटी फ्राऊ ल्यूडर्सनी टॅब्लेट छातीशी धरला.

"म्हणजे मालक नाहीच."

"नाही."

"गेनाऊ, बरोबर. मग ती खूण ज्याला अधिकार नाही त्याने केलेली. ती रद्द." त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "तुम्ही सांगितलंत हे बरोबर केलंत. पण तुम्हाला खरं सांगू? मला वाईट वाटलं. अकरा वर्षं मी ह्या यादीवर सही करतेय. वय वीसच्या वर, डॉक्टरचा शेरा, की नाव आपोआप यादीत येतं. यादीतून काढायचं तर मालकाची हरकत लागते. मालक कोण, तर आमचंच अम्ट, म्हणजे हेच कार्यालय. अम्ट अम्टला पत्र कसं लिहिणार? आणि ह्या वर्षी अचानक एका घोडीला मालक निघाला! मी म्हटलं, चला, निदान एकदा तरी कोणी 'नाही' म्हणेल."

कौमुदीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण खरं बोललो आणि घोडी मारली, एवढंच तिच्या मनात आलं. नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि न विचारताच त्यांना सगळं समजलं.

"निदान पाहून तरी येऊ," ते म्हणाले.

चौघंही चालत निघाली. उतारापलीकडे कळप चरत होता. वारा फिरला तशा माना वर झाल्या आणि कळप सावकाश पाण्याकडे निघाला. शिंगरं, तरण्या घोड्या, दांडगा नर, सगळे पुढे गेले. मागे बऱ्याच अंतरावरून सत्तावीस येत होती. ती मान थोडी डावीकडे वळवून चालायची, उजव्या डोळ्याला वाट दिसावी म्हणून. घाई नाही, लंगडणं नाही. मध्येच थांबली, चांगला गवताचा तुकडा निवडून खाल्ला, पुन्हा चालू लागली. पोट चांगलं गोल होतं. सगळ्यांचं पिऊन झाल्यावर ती डबक्याशी पोचली, आणि कळप गेला नव्हता. तिथेच रेंगाळत होता.

"डॉक्टर काय म्हणतात?" कौमुदीने विचारलं. "तिला दुखतंय का?"

"नाही. भूक चांगली, दात चांगले, वेदना नाहीत. मागे पडते, एवढंच लिहिलंय."

"मागे पडते," अन्वी जर्मनमध्ये म्हणाली, "पण पोचते की."

कौमुदीने डोळे पुसले. तिच्या डोक्यात मगापासून काहीतरी टोचत होतं, आणि आता ते सापडलं. फ्राऊ ल्यूडर्सचं एक वाक्य. टेस्टरच्या कानाला असली वाक्यं खड्यासारखी लागतात.

"फ्राऊ ल्यूडर्स, अम्टला स्वतःच्या जनावराबद्दल हरकत घेता येत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. पण तशी पद्धतच नाही."

"पद्धत नसेल. बटण आहे." तिने टॅब्लेट मागून घेतला. बोटं आपोआप चालू लागली. मालकाच्या जागी सरकारचं नाव परत आलं, खंडोबांची खूण गेली, चौकट कोरी झाली. एवढं तिने शांतपणे केलं. मग चौकटीकडे बोट दाखवलं. "मालक सरकार असलं तरी इथे 'नाही' म्हणता येतं. नियमावलीत लिहिलंय म्हणून आम्ही ते बनवलं, आणि मी ते स्वतः तपासलंय, उलटसुलट दोनशे वेळा. सरकारच्या वतीने अधिकृत माणसाने खूण करायची. 'नाही' पक्कं झालं की नाव यादीतून आपोआप जातं, कोणी कोणाला पत्र लिहायला लागत नाही. ह्या माळासाठी अधिकृत माणूस म्हणून एकच नाव आहे."

"कोणाचं?"

"तुमचं."

फ्राऊ ल्यूडर्सनी टॅब्लेट परत घेतला. अकरा वर्षांच्या सह्या त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेल्या असाव्यात. ज्या 'नाही'ची त्यांनी देवाकडून अपेक्षा केली होती, ते त्यांच्याच हाताशी होतं, आणि हे कळणं काही सुखाचं नव्हतं. कौमुदीला त्यांची कीव आली आणि धास्तीही वाटली. बाई आता 'वरिष्ठांना विचारते' म्हणाल्या, तर संपलंच.

बाईंनी हातमोजा काढला. खूण केली. पडद्यावर प्रश्न उमटला : ही नोंद पुन्हा बदलता येणार नाही. तुमची खात्री आहे का?

"मला कोणी असं कधी विचारलंच नव्हतं," त्या पुटपुटल्या, आणि त्यांनी 'हो' दाबलं.

कारणाची ओळ त्यांनी स्वतः लिहिली, एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत : मागे पडते, पण पोचते. मग खाली पाहत, कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "यादीत अजून दोन आहेत. पंधरा आणि एकतीस. त्यांनाही आजच बघून घेऊ. वेळ आहे ना तुम्हाला?"

"आहे," कौमुदी म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

नाना मगापासून एकदा हिच्या, एकदा तिच्या तोंडाकडे पाहत होते. "अगं, काय झालं ते मला कोणी सांगेल का?"

कौमुदीने तोंड उघडलं, पण तिच्या आधी अन्वी बोलली. जर्मन नव्हे. शब्द शोधत, अडखळत, पण मराठीत. "आजोबा, ती राहणार. ह्या आज्जी... ह्या आज्जींनी नाही म्हटलं."

नानांनी घोडीकडे पाहिलं, मग गमबूट घातलेल्या त्या बाईंकडे, आणि दोन्ही हात जोडले. "देव तर सगळ्यांनाच पावतो," ते म्हणाले. "सरकार पावलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं."

"काय म्हणतात ते?" फ्राऊ ल्यूडर्सनी विचारलं.

अन्वीने 'पावणं'साठी जर्मन शब्द शोधला. सापडेना. तिने आईकडे पाहिलं, आईलाही सापडेना. शेवटी ती म्हणाली, "ते थँक यू म्हणतायत. पण खूप मोठं."

फ्राऊ ल्यूडर्सनी मान हलवली, हातमोजा चढवला आणि त्या कौमुदीला घेऊन पंधरा नंबरच्या शोधात पुढे निघाल्या. मागून नाना निघाले, अन्वीचा हात धरून, सावकाश, आपल्या चालीने. आणि पुढे जाऊन दोघी त्यांच्यासाठी थांबल्या.